पाच मासे, दोन भावक्या

दिवाळी अंकासाठी फोन आला तेव्हा संपादक म्हणाले, "मॅडम, अध्यापनाच्या काही गोड आठवणी लिहून द्या." गोड आठवणी माझ्याकडे फारशा नाहीत. एक तळं आहे, पाच मासे आहेत आणि माझ्याशी बोलणं टाकलेली अर्धी भावकी आहे. मी त्यावरच लिहिणार. ज्यांना गोड हवं त्यांनी पुढचं पान उलटावं, मी रागावणार नाही.

मी कर्जत तालुक्यातल्या एका महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवलं आणि त्यातही उत्क्रांतीचं शरीरक्रियाशास्त्र हा विषय. एवढं नाव उच्चारलं की समोरचा माणूस चहाकडे वळतो, हे मला पाठ झालंय. सासरी सांगत, "कॉलेजात आहे." माहेरी हिरावहिनी, म्हणजे माझ्या दिवंगत थोरल्या भावाची बायको, पाहुण्यांना सांगायची, "आमची शालू बेडूक कापते." बेडूक कापणं अभ्यासक्रमातून बंद झालं, मी निवृत्त झाले, तरी वहिनीचं वाक्य तेच राहिलं. मी चिडायचे. वहिनी म्हणायची, "मग काय सांगू गं? तूच सांग सोपं करून." आणि मला ते कधी सोपं करून सांगता आलं नाही, हे खरं. आज सांगते.

शरीरक्रियाशास्त्र विचारतं, हे शरीर चालतं कसं. हृदयाचे ठोके पडतात कसे, श्वास आत जातो कसा, लघवी बनते कशी. उत्क्रांती विचारते, हे असं झालं कुठून. हे दोन प्रश्न एकाच प्राण्याबद्दल आहेत, पण ते विचारणारी माणसं कितीतरी वर्षं एकमेकांच्या दारात गेली नाहीत. शरीरक्रियावाल्यांच्या टेबलावर एक बेडूक असे. त्याच्या पायाचा स्नायू काढायचा, काजळी धरलेल्या फिरत्या ड्रमला सुई टेकवायची, विजेचा झटका द्यायचा आणि काजळीवर उमटलेली रेघ बघायची. आम्हीही तेच केलं. त्या रेघेत बेडकाचा स्नायू दिसे, पण बेडकाला आईबाप होते, पूर्वज होते, हे कुठेच दिसत नसे. तिकडे उत्क्रांतीवाल्यांकडे हाडं होती. हाडं दगडात टिकतात. श्वास टिकत नाही, घाम टिकत नाही, ताप टिकत नाही. त्यामुळे शरीर चालण्याचा इतिहास लिहायचा कशाच्या आधारावर, हा प्रश्न दोघांनीही एकमेकांवर ढकलला.

मग काही हट्टी माणसं निघाली. डेन्मार्कमधला एक शास्त्रज्ञ म्हणे की प्रत्येक प्रश्नासाठी निसर्गात कुठेतरी एक सोयीचा प्राणी असतोच, तो शोधा. झालं, लोक उंट, सील, वाळवंटातले उंदीर, खोल पाण्यातले मासे यांच्या मागे लागले. रशियात या शास्त्राला स्वतःचं नाव मिळालं, पुढे त्यासाठी संस्थाही उभी राहिली. पण बराच काळ सगळ्यांचा एक छंद होता. एक प्राणी घ्यायचा, दुसरा घ्यायचा, फरक बघायचा आणि त्या फरकाची छान गोष्ट रचायची. उंट वाळवंटात राहतो म्हणून त्याचं असं, गाय गोठ्यात राहते म्हणून तिचं तसं. ऐकायला बरं वाटतं. पण उंट आणि गाय यांच्यात हजार फरक आहेत, त्यातला कुठला वाळवंटामुळे आणि कुठला नुसता घराण्यामुळे, हे दोन प्राणी बघून कुणाच्या बापाला कळणार?

हे विचारण्याचं धाडस विसाव्या शतकाच्या शेवटाकडे झालं. तेव्हाच्या तरुण शास्त्रज्ञांनी आपल्या वडीलधाऱ्यांना तोंडावर सांगितलं की तुमची तुलना चुकीची आहे, आधी वंशवृक्ष काढा, कोण कोणाचा नातेवाईक ते बघा, मगच मोजा. त्यांच्या लेखांच्या झेरॉक्स मुंबईतली माझी मैत्रीण पाठवायची. त्यातली गणितं मला जड गेली, पण गाभा एका संध्याकाळी लख्ख कळला, कारण तो मी जन्मापासून गावात बघत आले होते. गावात एखाद्या बांधावरून तंटा झाला आणि एका बाजूने दहा माणसं साक्षीला उभी राहिली, तर शहाणा माणूस आधी विचारतो, यातली भावकी किती? दहाही जण एकाच घरातले असतील तर ती दहा साक्षी नव्हेत. आजोबांनी एकदा जे सांगितलं तेच दहा तोंडांनी बाहेर येतंय. प्राण्यांचं तसंच. एकाच कुळातल्या दहा जाती एकच युक्ती वापरत असतील तर ती युक्ती दहा वेळा निर्माण झालेली नसते. पूर्वजाला एकदा सापडली, बाकीच्यांना वारशात मिळाली.

माझ्या वर्गात मी हे असंच शिकवायचे. पुस्तकातले शब्द नंतर द्यायचे. परीक्षेला आलेल्या एका बाहेरच्या प्राध्यापकांनी यावर नाक मुरडलं होतं. मुरडू दे. माझी पोरं तो धडा विसरली नाहीत.

याच भावकीमुळे एकदा एक गृहस्थ माझ्यावर चालून आले होते. खालापूरकडचे शेतकरी, पांढरी टोपी, पायात चिखल तसाच. मुलगी दुसऱ्या वर्षाला. स्टाफरूमच्या दारातूनच म्हणाले, "तुमी आमच्या पोरीला काय शिकवलं? ती घरी सांगते, माणूस पयला मासा होता."

मी म्हटलं, "तसं नाही शिकवलं. आजचा मासा आपला बाप नाही. आपण आणि मासा एकाच भावकीतले. मूळपुरुष एक, पुढे वाटण्या झाल्या."

त्यांनी टोपी काढून डोकं खाजवलं. मला वाटलं आता आवाज चढणार. तर म्हणाले, "मग वाटण्या झाल्या कदी? आनि कुनाच्या वाट्याला काय आलं?"

मी त्यांना खुर्ची दिली. एवढ्या वर्षांत माझ्या विषयाला धरून इतका नेमका प्रश्न मला एम. एस्सी.च्या पोरांनीही विचारला नव्हता. त्यांना मी सांगितलं की कल्ले माशांकडे राहिले, फुप्फुसं आपल्याकडे आली, पण फुप्फुसाची सुरुवात आपल्या आधी, जुन्या माशांतच झालेली आहे. बेडकाचं पिल्लू पाण्यात असतं तोवर माशासारखा अमोनिया टाकतं आणि जमिनीवर आलं की आपल्यासारखा युरिया टाकायला लागतं, म्हणजे एकाच जन्मात दोन्ही वाट्यांत राहून येतं. ते चहा घेऊन गेले. जाताना म्हणाले, "शिकवा मग. पन पोरीला सांगा, घरी आजीसमोर मासा-मासा करू नको."

आमच्या एका प्राचार्यांना मात्र या प्रश्नाचं काही अप्रूप नव्हतं. प्रत्येक सभेत ते विचारायचे, "मॅडम, याचा उपयोग काय?" त्यांचं म्हणणं, अर्धा विषय शरीरक्रियेच्या पेपरात घाला, अर्धा उत्क्रांतीच्या पेपरात, पोरांचा ताप वाचेल. मी म्हणायचे, दोन अर्धे केले की मधला विषय मरतो, कारण तो त्या मधल्या जागेतच राहतो. ते म्हणायचे, "उपयोग सांगा." मी तेव्हा पट्टकदंबाची गोष्ट सांगायचे. हा पक्षी हिमालय ओलांडून आपल्याकडे येतो. तिथल्या विरळ हवेत त्याच्या रक्ताला प्राणवायू कसा पुरतो हे शोधताना शास्त्रज्ञांनी त्याच्या मेलेल्या, कधीच दगडही न झालेल्या पूर्वजाचं हिमोग्लोबिन कसं असेल याचा हिशोब मांडला, ते प्रयोगशाळेत नव्याने बनवलं आणि त्याची परीक्षा घेतली. श्वास टिकत नाही म्हणणाऱ्यांना हे उत्तर होतं. माझ्या अंगावर काटा यायचा सांगताना. प्राचार्य घड्याळ बघायचे.

उपयोग विचारणाऱ्यांसाठी म्हणून कळंबच्या शेठची हकिकत सांगते. कळंबला त्यांचा रिसॉर्ट. मुंबईच्या पाहुण्यांना स्वतः गळ टाकून मासा पकडायचा, तिथेच भाजून खायचा, असा बेत. त्यासाठी सिमेंटचं तळं बांधलं आणि त्यात मोठमोठ्या मरळी सोडल्या. मरळ उड्या मारून बाहेर पडते हे कुणीतरी सांगितल्यावर शेठनी तळ्यावर जाळं ताणून बसवलं. पण जाळं वर दिसलं तर फोटो खराब येतात, म्हणून ते पाण्याच्या वीतभर खाली बसवलं. मासे जाळ्याच्या खाली, वर नितळ पाणी, त्यावर कमळं. दुसऱ्या दिवशी सगळ्या मरळी पोट वर करून जाळ्याला चिकटलेल्या.

शेठचा संशय रखवालदार महादूवर. आदल्या दिवशी दोघांची बोलाचाली झाली होती, म्हणून यानेच विष टाकलं. पोलिसांत द्यायची तयारी चालू होती. महादूची मुलगी माझी विद्यार्थिनी, ती रडत मला घेऊन गेली. मी जाळं बघितलं आणि म्हटलं, "विष नाही. मासे बुडून मेलेत."

शेठ म्हणाले, "मॅडम, मासा पाण्यात बुडतो? मस्करी करता का माझी?"

मस्करी नव्हती. मरळीच्या डोक्यात कल्ल्यांच्या वर एक पोकळी असते. मरळ दर थोड्या वेळाने वर येते, तोंडाने हवा घेते, ती या पोकळीत भरते आणि तिथून प्राणवायू रक्तात जातो. पूर्वी कधीतरी उष्ण, गढूळ, प्राणवायू संपलेल्या डबक्यांत तिच्या पूर्वजांना ही युक्ती साधली. ज्या डबक्यात बाकीचे मासे गुदमरायचे तिथे हे कुळ मजेत राहिलं. पण कमाई झाली की खर्चही येतो. हवेची सोय झाली तसे कल्ले दुबळे झाले. आता मोठी मरळ नुसत्या कल्ल्यांवर जगूच शकत नाही. पाणी कितीही स्वच्छ असो, तिला वर येऊ दिलं नाही तर ती माणसासारखी बुडून मरते. मी शेठना म्हटलं, नव्या मरळी आणा, जाळं पाण्याच्या वर हातभर उंच बांधा, आणि मेल्या तर मला पोलिसांत द्या. मेल्या नाहीत. महादू अजून तिथेच कामाला आहे. शेठ पाहुण्यांना ही बुडणाऱ्या माशाची गोष्ट स्वतःचा शोध म्हणून सांगतात असं कळलं. सांगोत बापडे.

आता तळ्याकडे येते.

माझं माहेर कुंभिवलीपासून आत, हायवेचा आवाज ऐकू येतो पण हायवे दिसत नाही अशा जागी. गावाच्या वरच्या अंगाला तळं, तळ्याच्या खाली उतारावर विहीर आणि विहिरीच्या भोवती खालची आळी. वहिनी तिथे राहते. सून, मुलगा आणि दोन नातवंडं, त्यातली नात लग्नाला आलेली. नळ आलाय, पण पाणी एक दिवस येतं आणि तीन दिवस येत नाही, म्हणून प्यायला विहीरच. गावात आमचीच भावकी मोठी. चुलतभावाचा मुलगा दिनेश हा आता भावकीचा कर्ता. त्याने तळ्याकाठची आपली जमीन पिंपं धुण्याच्या धंद्याला भाड्याने दिलेली. रसायनीकडच्या भागातून रिकामी निळी पिंपं टेंपोने येतात, इथे धुतात, पुसतात आणि पुन्हा विकतात. तुमच्या गच्चीवर पाणी साठवायला जे निळं पिंप आहे ते असंच कुठेतरी धुतलेलं असणार. धुतलेलं पाणी चर काढून मागे सोडतात. मागे म्हणजे कुठे, हे त्या जागेवर उभं राहिलं की कळतं. उतार सगळा तळ्याकडे.

मी निवृत्त झाल्यानंतरची गोष्ट. माहेरी गेले होते. वहिनीने मरळीचं कालवण केलेलं. तिच्या हाताला चव आहे. ताट वाढता वाढता खुशीत म्हणाली, "खा गं पोटभर. आता मरळीला तोटा नाय. तळ्यात आताशी नुसती मरळच मरळ. धाब्यावाले घरी येऊन घेऊन जातात."

माझा हात थांबला. "नुसती मरळ? शिंगटी? बारकी खवली? झिंगे?"

"ते कुठं आता. मरळीनं खाल्ले असतील."

डॉक्टरसमोर पेशंट सहज बोलता बोलता काही सांगून जातो आणि डॉक्टरचं तोंड उतरतं, तसं माझं झालं असणार. वहिनी म्हणाली, "मीठ जास्त पडलं काय?"

मरळ आणि खवली या तळ्यात माझ्या लहानपणापासून एकत्र राहत होत्या. मरळ खवली खाते हे खरं, पण संपवत नाही. संपवली तर स्वतः काय खाणार? शिंगटी, खवली, झिंगे असे कल्ल्यांनी पाण्यातला श्वास घेणारे सगळे गेले आणि हवेतला श्वास घेणारे तेवढे उरले, याचा अर्थ मला जेवणाच्या ताटावरच कळला. पाण्यात आता श्वास राहिलेला नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे तळ्यावर जाऊन बसले. पहाटे पाण्यातला प्राणवायू सगळ्यात कमी असतो. मरळी एकीमागून एक वर येत होत्या, ओठ काढून हवा घेत होत्या. पाण्याला साबणासारखा, थोडा गोडसर वास होता. त्याच पाण्याखालून झिरपून विहीर भरते. नातवंडं तेच पितात.

दिनेशला भेटले. तो चांगला मुलगा आहे, लहानपणी माझ्या मांडीवर खेळलाय. म्हणाला, "आत्या, तू कॉलेजात शिकवतीस तसं हितं नको शिकवू. गावात मासा वाढलाय. पाणी खराब असतं तर मासा वाढला असता काय?" त्याला धंदा वाढवायचा होता, आणखी मोठं शेड घालायचं होतं, त्यासाठी ग्रामसभेची ना-हरकत हवी होती. सभा लागलीच होती. मी म्हटलं, मी येणार. तो हसला. "ये की. पन तुजं नाव मतदार यादीत नाय हां. तू कर्जतची."

मत नाही म्हणून तोंड नाही, असं मला कुणी शिकवलेलं नाही. मी गेले.

सभा शाळेच्या पडवीत. पिंपवाल्यांनी एक सल्लागार आणला होता, गळ्यात ओळखपत्र, हातात लेसरचा लाल ठिपका. त्याने पुढे एक मोठा टब ठेवला. टबात तळ्याचं पाणी आणि जिवंत मासे. मोठी मरळ, ठिपक्यांची मरळ, छोटा डोक, एक शोभेचा बारका गुरामी आणि मांगूर. तो म्हणाला, "ग्रामस्थहो, पाच जातींचे मासे आनंदाने पोहत आहेत. याहून मोठा पुरावा कोणता?" पडवीत माना डोलल्या. आमची भावकी पुढे बसली होती, तिच्यात टाळ्या वाजल्या.

मी उठले. दिनेश म्हणाला, "आत्या, बस ना गं."

मी बसले नाही. आधी सगळ्यांना मासे दाखवले. "ही मरळ, ही तिची बहीण, हा डोक त्यांचा धाकटा भाऊ आणि हा गुरामी त्यांचाच चुलता. तुम्हाला वेगळे दिसतात, पण हे चारही एकाच भावकीतले. हवा घ्यायची युक्ती यांच्या पूर्वजाला एकदा सापडली, बाकीच्यांनी वारशात घेतली. मांगूर दुसऱ्या घरचा, त्याने तीच युक्ती आपली आपण शोधली. म्हणजे साक्षीदार पाच, पण साक्षी दोनच. आणि दोन्ही साक्षी हवेबद्दलच्या. पाण्याबद्दल या टबात कुणीच बोलत नाहीये."

सल्लागार हसून म्हणाला, "मॅडम, हे पुस्तकी झालं."

"मग पुस्तक ठेवते बाजूला," मी म्हटलं. शाळेच्या स्वयंपाकघरातून भात निथळायची मोठी चाळण मागवली. ती टबात पाण्याच्या पातळीखाली दाबली, मासे चाळणीच्या खाली राहतील अशी, आणि दोन्ही हातांनी धरून बसले. "तुम्ही बोला," मी सल्लागाराला म्हटलं, "मी नुसती धरून ठेवते. पाण्याला हात लावलेला नाही, मासे पाण्यातच आहेत."

तो बोलत राहिला. पाण्याची पातळी, परवानग्या, रोजगार, शेडमध्ये गावातल्या पोरांना नोकऱ्या. कुणी ऐकत नव्हतं. आधी मोठी मरळ वर आली, चाळणीला डोकं लावलं, खाली गेली. पुन्हा आली. मग धडका द्यायला लागली. चाळण माझ्या हाताखाली हादरायला लागली. डोक, ठिपक्यांची मरळ, सगळे एकदम वर. टबातून पाणी उडालं. पुढच्या रांगेतल्या बायका मागे सरकल्या. कुणीतरी म्हणालं, "बाई, मरतील ती."

"चांगल्या पाण्यातही मरतील," मी म्हटलं. "नदीचं पाणी आणा, बाटलीतलं आणा, तिथेही मरतील. यांच्या जगण्याचा पाण्याशी संबंधच नाही, मग यांना पाण्याचे साक्षीदार कसे करता? पाण्यात श्वास घेणारे कुठे गेले ते विचारा." आणि मी वहिनीकडे वळले. "वहिनी, तळ्यात मासे धरायला रोज तूच जातेस. शेवटची शिंगटी कधी मिळाली?"

हे विचारणं सोपं नव्हतं, ते मी कबूल करते. वहिनीच्या घरात आता जे काही येतं ते बरंचसं त्या मरळीवर येतं. माझा भाऊ गेल्यावर दिनेशच्या घरच्यांनी तिला सांभाळलं. पुढे बसलेल्या भावकीत तिचा मुलगाही होता. दिनेश हळूच म्हणाला, "काकी, तू काय बोलू नको."

चाळण हादरत होती. वहिनी उठली. पदर खोचला, माझ्याजवळ आली, माझे हात बाजूला केले आणि चाळण उचलून फेकली. मासे एकदम वर आले, तोंडं बाहेर काढून हवा घेतली. "पुरं झालं," ती मला म्हणाली. "समजलं आमाला."

मग ती भावकीकडे वळली. "शिंगटी पिंपं आली तवापासनं नाय. खवली नाय. मी बोलले नाय, मरळीचं बरं चाललंवतं म्हनून." आणि दिनेशकडे बघत म्हणाली, "मरळ वर येऊन हवा खाते रं. मी काय मरळ हाय? माजी नातवंडं त्या विहिरीचं पानी पितात."

ना-हरकतीच्या ठरावाला हात वर करायची वेळ आली तेव्हा भावकीचे हात गेले वर, नेहमीसारखे. पण खालच्या आळीचा एकही हात गेला नाही, आणि वहिनीच्या मुलाने आपला हात अर्ध्यावरून खाली घेतला. सरपंचांनी हात मोजले, घसा खाकरला आणि ठराव पुढच्या सभेवर ढकलला.

तो ठराव अजून ढकललेलाच आहे. नवं शेड झालेलं नाही, जुनं बंदही झालेलं नाही. तक्रार गेली, एक अधिकारी येऊन बाटलीत पाणी घेऊन गेला, त्याचं काय झालं माहीत नाही, मी विचारत राहणार आहे. चर आता तळ्याकडे न जाता एका खड्ड्यात सोडलाय. हे पुरेसं नाही हे मला कळतं. दिनेशच्या घरून गेल्या दिवाळीत फराळाचा डबा आला नाही. मी माझा पाठवला, तो परत आला. या दिवाळीतही पाठवणार. खालची आळी आता वरच्या बोअरवरून पाणी आणते. वहिनीचे गुडघे दुखतात, तरी तीही चढते.

माझा विषय महाविद्यालयात आता स्वतंत्र नाही. मी गेल्यावर त्याचे दोन तुकडे केले, प्राचार्यांना हवे होते तसेच. मधला भाग गेला. कुणीतरी मला निरोप समारंभात म्हणालं होतं की काळाबरोबर बदलावं लागतं. ज्यांनी बेडकाच्या टेबलावरून पूर्वजाच्या श्वासापर्यंत वाट काढली त्यांना काळाने काही आयतं दिलं नव्हतं. मला माझा विषय बिनउपयोगी वाटत नाही, कधी वाटला नाही, आणि मी तसं कुणाला मान्य करणार नाही.

मागच्या महिन्यात वहिनीकडे तिच्या नातीला बघायला पाहुणे आले होते. मीही होते. मुलाच्या आईने मला विचारलं, "तुम्ही काय करायच्या?" मी नेहमीसारखं ते लांबलचक नाव घ्यायला तोंड उघडलं. त्याआधीच वहिनी चहाचे कप ठेवत म्हणाली,

"कॉलेजात शिकवायची. मरळ कशी जगते, आनि आपन तशे का नाय जगू शकत, ते."